निळ्या टोकांचे दोर

“मेली असतीस तर बरं झालं असतं असं म्हणत नाही मी,” भाऊ ओरडला, “पण मेली नाहीयेस एवढं तरी कुणाला सांगून जायचं होतंस!”

ताई दाराजवळच्या बाकावर बसून काडीने चपलांचा चिखल काढत होती. चिखल तांबडा होता. नदीकाठचा काळा चिखल तिच्या रोजच्या ओळखीचा. हा तांबडा ती आज पहिल्यांदाच घरात घेऊन आली होती आणि तो काढून टाकायची तिला फारशी घाई नव्हती.

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?”

“मुळीच नसतं!”

“मग कशी सांगणार?”

“ऐकलंस?” भाऊ बायकोकडे वळला. “ऐकलंस हिचं?”

भावजय स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. “ताई, मी आज इतकी रडलेय की तुम्ही समोर दिसताय तरी माझं थांबत नाहीये,” ती म्हणाली. “रडले ते रडले, वर शेजारणींना तुमचे गुण सांगितले. आता ते परत कसे घेऊ?”

“कशाला घेतेस? राहू देत. कोणते सांगितलेस?”

कोपऱ्यात बसलेली पुतणी फिसकन हसली. भाऊने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंडावर उशी धरली.

झालं होतं ते असं. ताईचं दोरांचं दुकान खालच्या पेठेत, नदीच्या दगडी पायऱ्यांना लागून. ही पेठ फार जुनी. होड्या बांधायच्या लोखंडी कड्या, लाकडी खांबांची बाजारशाळा, भिंतीवरची पुराची खूण, हे सगळं बघायला लांबलांबून प्रवासी येतात, माना वर करून हिंडतात आणि पायऱ्यांवर घसरतात. दुकानांना दारं नाहीत. उभ्या लाकडी फळ्या आहेत. त्या सकाळी एकेक करून काढायच्या, संध्याकाळी एकेक करून लावायच्या. आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी या पेठेतलं दुकान बंद राहतं ते एकाच कारणाने. ताप आला म्हणून नाही, घरात लग्न आहे म्हणून नाही. कुंभाराचं छप्पर रात्री खाली आलं, तरी बाजाराच्या सकाळी तो रस्त्यात मडकी मांडून बसला होता. बाजाराच्या दिवशी फळ्या निघाल्या नाहीत, की त्या घरात कुणीतरी गेलं. इथे कुणी विचारायला जात नाही. शेजारी आपल्या दुकानाची एक फळी लावतात, आवाज खाली आणतात, आणि विक्री चालू ठेवतात.

आज सकाळी ताईच्या फळ्या निघाल्या नाहीत. समोरच्या चाळणवाल्याने आधी हाका मारल्या, मग फळ्यांना कान लावला आणि मग गुपचूप स्वतःची एक फळी लावली. त्याची पाहून तांबटाने लावली. तांबटाची पाहून सगळ्या पेठेने. तेवढ्यात प्रवाशांचा एक जथा आला. त्यांच्या वाटाड्याने हळू आवाजात सांगितलं, की पेठेतल्या एक जुन्या बाई गेल्या. त्यांनी टोप्या काढल्या. एकीने बंद दुकानाचा फोटो काढला.

भाऊ बाजाराच्या आवारात मापाडी. त्याला ही बातमी काट्यासमोरच कळली, एका शेतकऱ्याकडून, आणि तीही अशी: “तुम्ही अजून इथेच? आम्हाला वाटलं, तुम्ही घरी असाल.” काट्यावर कांद्याचं पोतं होतं. ते तसंच सोडून तो पळत सुटला. मागे ते पोतं आडवं होऊन खाली आलं, फुटलं, आणि कांदे आवारभर गेले. ज्याचे कांदे तो भरपाईसाठी अजून बाजाराच्या कचेरीत बसून होता.

“पोत्याचं मी बघून घेईन,” भाऊ म्हणाला. “पण घरी आलो तर काय? तुझ्या पलंगावर घडी घातलेलं पांघरूण. बाईही नाही, बाईचा देहही नाही. अंगणात चाळीस माणसं. आणि मग कुणीतरी म्हणालं, नदी.”

त्याने तांब्या जवळ ओढला.

“दोन पोहणारे उतरवले मी पायऱ्यांवरून. दुपारभर पाण्याकडे बघत उभा होतो. एक काळं लाकूड वाहत आलं, ताई. मी…” त्याने हाताने काहीतरी झटकल्यासारखं केलं आणि तो तांब्यातलं पाणी गटागटा प्यायला.

ताईने काडी खाली ठेवली. “एवढं मला नव्हतं वाटलं,” ती हळूच म्हणाली. मग पुन्हा काडी उचलून, “चाळणवाला आला होता?”

“आला होता तर! सगळ्यांत पुढे. म्हणाला, बाईचा हात सढळ, दोर मोजताना वीतभर जास्तच सोडायची.”

“तो? मला तोंडावर चिंधीचोर म्हणतो.”

“तेव्हा तू जिवंत होतीस,” पुतणी उशीआडून म्हणाली.

“आणि एक म्हातारा,” भावजयीला एकदम आठवलं. “वरच्या गावांकडचा. लांब कानांचा. दाराशी बसून राहिला, पाणी दिलं ते प्यायला नाही. उठताना मला विचारतो कसा, आता दोर कोण देणार? काय माणसं असतात!”

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. “तो नेहमीचा!” ती म्हणाली.

“नेहमीचा” कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताईच्या गिऱ्हाइकांपैकी एवढ्याच माणसाबद्दल ती घरी येऊन बोलायची. पण ते कळायला ताईचं दुकान कळलं पाहिजे.

दोर मोजायला दोन माणसं लागतात. वडील मोजायचे, तेव्हा दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं असायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे ताई. पाटी-दप्तर घेऊन ती शाळेत निघाली की वडील म्हणायचे, एवढा एक दोर धर आणि मग जा. मोठी झाल्यावर तिला बघायला लांबची माणसं यायची, ती सोयीचं म्हणून बाजाराच्या दिवशीच यायची, आणि बाजाराच्या दिवशी ताईला दुकानातून उठता येत नसे. कुणी पेठेत येऊन पाहून गेलं, कुणी घरी बसून कंटाळून गेलं. मग यायची थांबली. वडील गेले, दुकान भाऊच्या नावावर झालं, आणि बसायची ताई. दुसरं टोक धरायला तिने खांबाला एक खुंटी ठोकून घेतली. वडिलांच्या वेळची एक पद्धत मात्र तिने सोडली नाही. दोर कापला की त्याची दोन्ही टोकं निळ्या सुताने गच्च वेटाळायची, म्हणजे पीळ सुटत नाही. बाकीचे दुकानदार टोकाला नुसती गाठ मारून देतात.

तर हा म्हातारा दर काही बाजारांनी यायचा, आणि “नेहमीचा द्या,” एवढंच म्हणायचा. नेहमीचा म्हणजे जाड, तीन पिळांचा, दुकानभर पुरेल एवढा लांब. असा दोर विहिरीला लागतो, पण एका विहिरीला किती? बैल बांधायला लागतो, पण त्याच्याकडे म्हणे एकच गाय. ताईने विचारून पाहिलं होतं. “लागतो,” तो म्हणायचा आणि वेटोळं खांद्यावर टाकून चालू लागायचा. चाळणवाला चिडवायचा, “ताई, तो दोर नेत नाही, दोराच्या निमित्ताने येतो.” ताई म्हणायची, “मग एखाद्या वेळी दोर इथेच ठेवून जाईल की.” पण विचार तिच्या डोक्यातून जात नसे. एवढा दोर जातो कुठे?

आणि मागच्या बाजाराला एक प्रवासी तिच्या दुकानासमोर थबकला. गळ्यात दुर्बीण, उन्हाने नाक सोललेलं. त्याने टांगलेल्या दोराचं निळं टोक बोटात धरलं आणि तोंडाचा आ केला.

“हा तुमचा? अहो, हाच दोर मी काल वरच्या गावात बघितला! काय प्रकार आहे तो! जन्मात असं काही पाहिलं नव्हतं!”

“कसला प्रकार?” ताईने गल्ल्यावरून उठतच विचारलं. पण वाटाड्याने शिट्टी मारली, जथा निघाला, आणि तो गृहस्थ मागे वळून हात हलवत गर्दीत गेला.

त्या दिवसापासून ताईला चैन नव्हतं. इतकी वर्षं प्रवासी तिला विचारायचे, वरची गावं कशी आहेत, आणि ती बेधडक सांगायची, छान आहेत, जाऊन या. स्वतः ती नदीच्या पहिल्या वळणापलीकडे गेली नव्हती. कशी जाणार? वरच्या गावांना रस्ता नाही. आहे ती नाव. आणि नाव सुटते फक्त बाजाराच्या दिवशी. सकाळी शेतकऱ्यांना भरून खाली येते आणि रिकामी वर जाते. संध्याकाळी त्यांना पोचवते आणि रिकामी खाली परतते. प्रवासी स्वतःची होडी ठरवून जातात, ते वेगळं. म्हणजे जायला मिळतं तो एकच दिवस, आणि तोच दिवस दुकान बंद ठेवता येत नाही.

“गेली कुठे होतीस पण, आत्या?” पुतणीने विचारलं. एवढा आरडाओरडा झाला, पण हे अजून कुणी विचारलंच नव्हतं.

“नेहमीच्याच्या गावाला.”

भाऊने कपाळाला हात लावला. “तो इथे, तू तिथे!”

“मला काय ठाऊक तो आजच येईल? उतरणाऱ्यांच्या गर्दीत दिसलाच नाही. मी त्याचा दोर कापून, टोकं बांधून बरोबर घेऊन गेले होते. रिकाम्या हाताने कसं जायचं कुणाच्या दारात?”

मग तिने सांगितलं. सकाळी नाव रिकामी झाल्यावर ती फळीवरून आत गेली, तेव्हा नावाडी म्हणाला, “ताई, सगळी उतरतायत आणि तुम्ही चढताय. काही विसरलात का?” ती म्हणाली, “नाही. वर घेऊन चल.” त्याने तिला मधल्या फळीवर बसवलं आणि वाटभर प्रत्येक वळणाला तिच्याकडे वळून पाहत राहिला, ती खरोखर जातेय ना म्हणून. पहिल्या वळणानंतर पेठ दिसेनाशी झाली. ताईला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. पाणी तसंच होतं, फक्त जास्त स्वच्छ. काठाने भोपळ्यांचे मांडव, मग गवताळ उतार, मग तांबडी ढेकळं.

“आणि दोर,” ती म्हणाली. “जिकडे बघावं तिकडे माझे दोर. एका विहिरीवर रहाटाला, निळं टोक खाली लोंबतंय. एका झाडाला झोपाळा, त्याचं टोक निळं. एका झोपडीचं दारच दोराने बांधलेलं. वासराच्या गळ्यात तर इतका जुना, की सूत पांढरं पडलंय, पण सुटलेलं नाही. मी नावाड्याला म्हटलं, थांब, थांब. तो म्हणतो, दोर बघायला थांबलो तर परत कधी येणार? आणि मी मेली वर्षानुवर्षं समजत होते, की दोर त्या पायऱ्यांवरून गेला की संपला.”

“पण तो म्हातारा करतो काय त्याचं?” आता भावजयीनेही चौकट सोडून पुढे येऊन बैठक मारली होती.

“गाव चढावर आहे. धाप लागली मला. त्याचं घर सगळ्यांत वरचं. सून अंगणात धान्य पाखडत होती. म्हटलं, मी दोरवाली. ती सूप टाकून उठली, म्हणाली, या, दाखवते. घरामागे घेऊन गेली.” ताईने दोन्ही हात वर नेले. “दगड.”

“कसला दगड?”

“दगड कसला, डोंगराचा दातच म्हण. घराच्या बरोब्बर डोक्यावर, उतारावर टेकलेला. आणि तो पूर्ण बांधलेला. वरून, खालून, आडवा, तिरपा. पंचवीस-तीस दोर, आणि प्रत्येक दोर वरच्या झाडांना नेऊन ताणलेला. खालचे दोर काळे पडून कुजलेत, दगडाला चिकटलेत. त्यांच्यावर नंतरचे. त्यांच्यावर मागच्या साली नेलेले. सगळ्यांत वर परवाचा पिवळाधमक. निळी टोकं अशी चहूकडे. पक्ष्याने घरटं केलंय त्यात.”

“म्हणजे तो दगड घरंगळू नये म्हणून…?”

“म्हाताऱ्याच्या वडिलांनी पहिला बांधला. दोर कुजायच्या आत नवा घालायचा, असं सांगून गेले. गाव हसतं म्हणे. पण सून म्हणाली, हसणाऱ्यांपैकी कुणी पावसाळ्यात आमच्याकडे झोपायला येत नाही.”

“आणि दोर धरतात त्याला?” पुतणीने विचारलं.

“मीही तेच विचारलं. ती म्हणाली, कुणास ठाऊक. दोरांमुळे थांबलाय की थांबायचाच होता, कोण सांगणार? सोडून कोण बघणार?”

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याने घसा खाकरला.

“केवढा असेल?”

“आपलं घर घे. त्यावर चाळणवाल्याचं दुकान ठेव.”

“छे! दोर नाही धरणार.” तो भुवया आक्रसून छताकडे बघू लागला. “काळा दगड की तांबडा?”

“काळा.”

“मग तर नाहीच. बुडाशी किती टेकलाय? निम्मा टेकला असेल तर…” त्याची बोटं हवेत हलायला लागली. मग बायको आपल्याकडे बघतेय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला आपण रागावलेलो आहोत हे आठवलं. “ते राहू दे! तो दगड गेला चुलीत. म्हातारा भेटला की नाही शेवटी?”

“नावेतून उतरताना. मी काठावर उभी. मला बघितलं आणि त्याचे पायच अडले, पाण्यातच उभा. म्हणाला, ‘खाली तर तुम्ही गेलात म्हणतात.’ म्हटलं, ‘गेलेच होते. तुमच्याकडे.’ दोर दिला त्याला. त्याने टोकं बघितली, दोन्ही, आणि खांद्यावर टाकला. दहा पावलं जाऊन परत आला. म्हणाला, ‘बघितलात?’ मी म्हटलं, ‘बघितला.’ ‘हसला नाहीत?’ म्हटलं, ‘नाही.’ मग गेला.”

भावजयीने पुन्हा नाक पुसलं, पण या वेळी कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

“झालं ना आता समाधान?” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, पण म्हणणं बसलं नव्हतं. “कोडं सुटलं. उद्या मी पेठेत घरोघर जाऊन सांगतो, की आमची ताई आहे म्हणून. लोक हसतील, हसू देत. पण आता इथे, माझ्यासमोर, शब्द दे. बाजाराच्या दिवशी फळ्या निघाल्याच पाहिजेत. नाहीतर किल्ली इकडे दे. तो लाकडी होड्या विकणारा कधीपासून जागा मागतोय. प्रवाशांना खेळणी विकेल. निदान दुकान उघडं तरी ठेवेल.”

पुतणी उठून बसली. ताईने कमरेच्या पिशवीत हात घातला, किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. लांब दांड्याची, वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली.

“आज दुकान बंद होतं,” ती म्हणाली. “काय कोसळलं?”

“कांद्याचं पोतं कोसळलं!” भाऊ ओरडला.

“ते तू सोडलंस म्हणून. पेठेत काय कोसळलं?”

“माझा जीव गेला असता!”

“त्याचं मला वाईट वाटतंय. ते चुकलंच माझं. न सांगता परत जाणार नाही.” तिने चपला भिंतीशी उभ्या करून ठेवल्या. तेवढ्यात पलीकडे तिची नजर गेली. तिच्या खोलीतली तिची पेटी बोळात आणून ठेवली होती. “आणि ही इथे कशी?”

भावजय गोरीमोरी झाली. “माणसं बसायला जागा हवी होती ना, ताई.”

“माणसं अंगणात होती म्हणालात.”

“ती… आणखी येतील म्हणून.”

“आईने भिंतीची मापंपण घेतली होती,” पुतणी म्हणाली, “माझ्या पलंगासाठी.”

“गप्प बस गं! माप घेतलं म्हणजे काय लगेच…”

ताईला राग आला नाही. तिला खरं तर जाणून घ्यायचं होतं. “बसतोय का?”

“आडवा नाही,” भावजय खाली मान घालून म्हणाली. “उभा बसतोय.”

“मग आजपासूनच टाका. मी एकटी तेवढी खोली घेऊन काय करतेय? दोघी झोपू.” पुतणीने आईकडे बघून जीभ दाखवली.

भाऊने हात पुढे केला. “किल्ली, ताई. नाहीतर शब्द.”

ताई पाणी प्यायली, तिने तांब्या जागेवर ठेवला. दुपारी वर, त्या दगडाच्या कडेला ती उभी राहिली होती, तेव्हा सगळी नदी दिसत होती, घडी उलगडल्यासारखी. आणि खूप वर, दोन टेकड्यांच्या मध्ये, आणखी एक पाणी येऊन या पाण्याला मिळत होतं. तिथे एका रांगेत पांढरं काहीतरी दिसत होतं. घरं असतील, तंबू असतील, धुणं वाळत घातलेलं असेल. तिने सुनेला विचारलं, ते काय? सून म्हणाली, आम्ही कधी तिकडे गेलो नाही, आम्ही खाली बाजारालाच येतो. नावाड्याला विचारलं तर तो म्हणाला, मुक्काम तिथेच करायचा असेल तर नेतो, दुसऱ्या सकाळी परत आणतो.

हे तिने घरात अजून सांगितलं नव्हतं. दारामागे कंदील टांगायचा खिळा होता, त्याला तिने किल्ली अडकवली. भाऊचा हात तसाच पुढे राहिला.

“किल्ली इथे राहील,” ताई म्हणाली. “सहा दिवस मी बसेन. बाजाराच्या दिवशी ज्याला दुकान उघडं हवं असेल त्याने किल्ली घ्यावी आणि बसावं, खेळणीवाला सोडून. टोकं निळ्या सुताने बांधावीत. पुढच्या बाजाराला मी दोन पाणी मिळतात तिथे जाणार आहे, रात्री तिकडेच राहीन. सगळ्यांना सांगितलंय. कुणी रडू नये.”